बोटांची पारख
दादाची नजर आजारपणात गेली, तरी धाकटी बहीण प्रयोगशेतातला मसूर घेऊन दवाखान्यात आलीच. एका वाफ्याला दोघांनी स्फुरद, गंधक, जस्त ही खतं दिली होती. दुसऱ्याला काहीच नाही. तिने त्याच्या तळहातांवर एकेक मूठ ओतली. "ओळख, खताचा कुठला?" जन्मभर बोटांनी दाणे पारखणारा दादा बराच वेळ चाचपत राहिला. "हा डावा. टपोरा लागतोय." डाव्या हातात खत न मिळालेले बारीक, सुरकुतलेले दाणे होते. आजवर एकही नोंद खोटी न केलेली ती म्हणाली, "बरोबर!" दादा थबकला. "आवाज कापतोय गं तुझा. म्हणजे डोळ्यांपाठोपाठ बोटंही गेली." तिने त्याचे हात घट्ट धरले, दाणे चादरीवर सांडले. "रडू नकोस," दादा म्हणाला. "एवढंच खरं सांग, खताचा दाणा भरला ना?" "भरला, दादा. पिकाचा उताराही वाढला." "मग पुढची पेरणी तू एकटीने कर."