साळुबाईची आवड

पेठच्या भरतशेठनी पुण्याला जाऊन हाडात स्क्रू पिळून पक्के दात बसवून घेतले. तोंडाचं बोळकं झालेली त्यांची आई साळुबाई म्हणाली, "मलाबी तसलं बसव की रं."

"या वयात दात कशाला, आई? तुला तर चहात कुस्करलेली भाकरीच लई आवडती."

पुढच्याच वर्षी साळुबाई गेली. दशक्रियेला घाटावर ही गर्दी! भरतशेठ सगळे दात दाखवत माइकवरून बोलले, "आईला आमी काय कमी पडू दिलं न्हाई."

पण पिंडाला कावळा शिवेना. "म्हातारीची कायतरी इच्छा राहिली," लोक कुजबुजले. भरतशेठनी लगेच चहात कुस्करलेली भाकरी आणून ठेवली. कावळे झाडावरून नुसते बघत राहिले.

मग साळुबाईची लेक वृषाली पुढं आली. तिनं पुडी सोडली आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे पिंडाशेजारी ठेवले. ती मागं सरायच्या आत कावळ्यानं झडप घातली.



"चला, सुटली बिचारी," असं म्हणत भरतशेठनी वृषालीच्या हातातली पुडी घेतली आणि उरलेले दाणे कुडुमकुडुम चावायला सुरुवात केली.