हळदीचा डाग

“रंग ओळखता येत नाहीत म्हणून तुम्ही माझ्या पोराला केमिस्ट्री नाकारलीत, वर ‘फिजिक्स घे, तेही सायन्सच’ म्हणत त्याची बोळवण केलीत.” सिंगापुरात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये अंकुरचा हळदीचा डाग पडलेला शर्ट घासत नंदा विद्यापीठाच्या नावाने खडे फोडत होती. साबण लागताच डाग लाल झाला. अंकुर लहान असताना तिनेच त्याला असंच हळदीचं कुंकू करून दाखवलं होतं. तेव्हापासून त्याने केमिस्ट्रीचाच ध्यास घेतला. “जाऊ दे आई, फिजिक्स ओके लाह,” दारातून अंकुर सिंगापुरी ढंगात म्हणाला. “ओके कसलं? हा डाग लाल झालेला दिसतो ना तुला?” “कधीच नाही दिसला. तू खूश व्हायचीस म्हणून हो म्हणायचो. वाटायचं, केमिस्ट्री शिकलो की दिसेल.” नंदाच्या हातातून शर्ट निसटला. तिने विचारलं, “मग माझं कुंकू कसं दिसतं तुला? सांग.”