झाकण कुणाचं

ल्याओ पेइरोंग सवयीनं दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीत बसला आणि टेबलाभोवतीचं बोलणं थांबलं.

ती मानाची खुर्ची. वूशीतल्या या चिपच्या कारखान्याच्या जेवणांना ती नेहमी त्याचीच असे. कारखान्यातली यंत्रं त्याच्या अमेरिकन कंपनीची होती आणि ती सांभाळणारा तो होता. पण आजचं जेवण फांग रुइसिनसाठी होतं. तिच्या कंपनीनं बनवलेलं चिनी यंत्र काल इथल्या सगळ्या चाचण्यांत उतरलं होतं. एके काळी त्याच्याच हाताखाली शिकलेली रुइसिन दाराशी, शेवटच्या जागेवर जाऊन बसली.

ल्याओ उठू लागला.

"बसा हो उस्ताद," ती म्हणाली. "तुम्ही उठलात तर मला तिथे बसावं लागेल. तिथून वाढणाऱ्यांना हाका मारता येत नाहीत."

सगळे हसले. त्याला ते जास्तच टोचलं. आता ही जागासुद्धा तिनं दिली म्हणून त्याची होती.

खिशातला फोन थरथरला. कॅलिफोर्नियाहून ग्लेनचा, त्याच्या साहेबाचा निरोप होता. 'तिसऱ्या हॉलच्या यंत्रांची ऑर्डर गेली तर भागधारकांना या तिमाहीत नफा म्हणून काय दाखवू? त्यांच्या यंत्राचं झाकण बाजूला उघडतं म्हणे. तू मला एकदा असंच काही दाखवलं होतंस ना? ती कल्पना तुझी असेल तर कंपनीच्या मालकीची आहे. फक्त हो म्हण. वकील तयार आहेत.'

ल्याओनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

ते झाकण त्यानं काल पाहिलं होतं. पाहिलं कसलं, खोट शोधत यंत्राभोवती घिरट्या घातल्या होत्या. छोट्या काचेतून आतल्या निर्वात पोकळीतल्या पेटत्या वायूचा उजेड न्याहाळला होता. कुठून हवा शिरत असेल तर त्या जांभळ्या उजेडाला गुलाबी झाक येते. झाक नव्हती. मग रुइसिननं एका हातानं झाकण बाजूला केलं, भाताच्या कुकरचं करावं तसं. आपल्या पोरानं दुसऱ्याच्या अंगणात पहिलं पाऊल टाकावं आणि आपण कुंपणाबाहेरून बघावं, तसा तो बघत राहिला.

हेच झाकण त्यानं ग्लेनला कँटीनमध्ये कागदी रुमालावर काढून दाखवलं होतं. ग्लेननं हसून त्याच रुमालाला तोंड पुसलं होतं. "झाकण असं पटकन उघडलं, तर गिऱ्हाईक झाकणाची झिजलेली रबरी कडी स्वतःच बदलेल. मग आपल्याला कोण बोलावणार? आपली कमाई त्यातच आहे, ल्याओ."

वाफाळता मासा आला. माशाचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे करायचं असतं. वाढणारीनं खुर्ची पाहिली आणि ताट ल्याओकडे फिरवलं.

"मासा तुमच्याकडेच बघतोय," कारखान्याचे संचालक थाओ म्हणाले. "तुम्ही पेला रिकामा केल्याशिवाय आम्हाला त्याला हात लावता येत नाही. मला तर सकाळपासून भूक लागलीय."

"कशासाठी पिऊ?"

"तिसऱ्या हॉलसाठी." थाओंनी नजर चुकवली नाही. "सगळी यंत्रं रुइसिनकडून घेतोय. राग मानू नका. तुमच्या सरकारनं..."

"माझं सरकार तेच, जे तुमचं."

"तुमच्या साहेबाचं सरकार हो! उद्या ते म्हणालं, यंत्रं विकू नका, तर मी सिलिकॉनच्या चकत्या काय दातांनी कोरू?"

ल्याओ प्यायला. दारू घसा जाळत खाली गेली. माशावर सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या पडल्या.

तेवढ्यात रुइसिन उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते.

"एक सांगायचं राहिलंय. दोन दिवस सगळे त्या झाकणाचं कौतुक करताय. ते माझं नाही. मला शिकवताना ल्याओ उस्तादांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. ते त्यांचं आहे."

थाओंच्या काड्या हवेतच थांबल्या. असलं वाक्य चारचौघांत बोलायचं नसतं, हे त्यांना कळत होतं. तिला कळत नव्हतं. पहिलं बक्षीस घरी आणणाऱ्या मुलीसारखी ती ल्याओकडे बघत होती.

हो, माझं. ल्याओच्या जिभेवर शब्द आलेच होते. या वाक्याची त्यानं किती वाट पाहिली होती! आणि आज ते मिळत होतं तेही तिच्या हातून, तिच्याच जेवणात. मांडीवरचा फोन पुन्हा थरथरला.

"माझं?" तो हसला. "रुइसिन, एक पेला पोटात गेला की तुला काहीही आठवतं. मी असलं काही कधी काढलं नाही. आणि काढलं असतं, तर इतकं ओबडधोबड काढलं नसतं."

टेबल हसण्यानं दणाणलं. सगळ्यांत मोठ्यानं थाओ हसले आणि त्यांनी माशाचा मोठा तुकडा ल्याओच्या वाटीत ठेवला. ल्याओनं टेबलाखाली अंगठ्यानं लिहिलं, 'नाही. ते माझं नाही.' आणि पाठवून दिलं.

रुइसिन पेला घेऊन टेबलाला वळसा घालून आली. शिष्यानं पेला भिडवताना आपली कड उस्तादाच्या कडेखाली धरायची असते. ती तर इतकी खाली धरायची, की पेला भिडवायला ल्याओला वाकावं लागे.

"ल्याओ साहेब," ती म्हणाली. उस्ताद नाही.

दोन्ही पेल्यांच्या कडा एकाच उंचीवर भिडल्या.