नवी मोटर

बायको मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन पडून होती. हाड जुळलं होतं, डॉक्टर "आता चाला" म्हणत होते, पण तिचा धीरच होत नव्हता. त्यात पलीकडच्या खोलीत नवऱ्याचं बेल्ट ग्राइंडर दिवसभर किंचाळायचं. "जरा हळू चालवा की हो त्याला," ती कळवळून म्हणायची. पण जुन्या मोटरला एकच वेग ठाऊक.

कात्र्या-सुऱ्यांना धार लावून आणि तिचं सगळं करून पार पिचलेला तो शेवटी दुकानात गेला.

"घरच्या लाइनवर वेग कमीजास्त करायचाय? मग थ्री-फेज मोटर घ्या, सोबत ड्राइव्ह लावा, त्या डबीवर ती घरच्या लाइनवरही चालते आणि वेगही बदलतो," दुकानदार म्हणाला.

दिवसा जुन्या मोटरवर काम उरकत दोन रात्री मान मोडून त्यानं नव्या मोटरच्या वायरी जोडल्या, अर्थिंग दोनदा तपासलं. तिसऱ्या दुपारी चालती जुनी मोटर बंद करून नवी बसवली, तसा पट्टा नुसता घुं-घुं करत फिरू लागला. 'आता तरी तिला झोप लागेल,' म्हणत त्यानं पहिली कात्री हातात घेतली.

 

"अहो, बरे आहात ना? मशीन एकदम गप्प झालं, काळजात धस्स झालं माझ्या," चौकट धरून दारात उभी राहिलेली बायको धापा टाकत म्हणाली.