तिसरा पेला

औशीकने जीप बाभळीखाली लावली. शिकारीची बंदूक सीटवरच ठेवून तो तंबूकडे चालत आला. सख्ख्या बहिणीचा मुलगा, पण त्याची चाल बघूनच सित्तनाने ओळखलं, आज हा मावशीला भेटायला आलेला नाही.

"काय खबर, मावशी?"

झालं. हा प्रश्न आला की वाळवंटातल्या अबाब्दा टोळीच्या माणसाने जे पाहिलं ते सांगायचं. लपवायचं नाही, फिरवायचं नाही. सत्तर वर्षांत सित्तनाने खोटी खबर दिली नव्हती. आणि आज पहाटेच खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या कडेला, तिला हरणीचे खूर दिसले होते. शेजारी बोटाच्या पेराएवढे, पाडसाचे. या राखीव किनाऱ्यावर सहा वर्षांत पहिलेच.

"बस आधी. कोरड्या घशाने खबर सांगतात होय?"

"घाई आहे."

"पोटातसुद्धा तुला घाईच होती. सातव्या महिन्यात आलास. अजून कच्चाच आहेस."

चुलीपाशी बसलेल्या तिच्या सुनेने ओढणीआड हसू दाबलं.

सित्तनाने कॉफीच्या बिया एकेक करून निवडल्या. भाजल्या. आलं घालून कुटल्या. औशीकचा गुडघा हलत होता. पहिला पेला त्याने एका घोटात संपवला आणि तो उठू लागला.

"एकावर उठलास तर माझ्या चुलीला शिवी दिलीस. तीन होऊ देत."

तो बसला. ती सांगत राहिली, सगळं खरं. पाऊस कुठे पडला, कोणाची सांडणी व्याली, कोणती विहीर खारट झाली. दुसरा पेला झाला. निखारे मंदावले, तिने फुंकले. उत्तरेचा वारा सुटला. तंबूचं कापड आधी फडफडलं, मग ताणलं.

"हरीण, मावशी. हरणाचं काही दिसलं का, तेवढं सांग."

सुनेचा हात थांबला.

सित्तनाने तिसरा पेला काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला.

"खूर दिसले. पहाटे. हरणीचे आणि पाडसाचे. खाडीच्या तोंडाशी, तिवरांलगत. तिथून डोंगराकडे गेलेत."

"डोंगरात पाच घळी आहेत. कोणत्या?"

"तिथवर मी गेले नाही. खुरांना विचार."

औशीकने चटका सोसत पेला रिकामा केला आणि तो बाहेर पडला. जीपपासून तंबूपर्यंत त्याची स्वतःची पावलंही वाळूत उरली नव्हती.