पालकाची सही

वडिलांनी समुपदेशनाच्या संमतीचा चार घड्यांचा फॉर्म उलगडून टेबलावर ठेवला. "सही केलीय, बाई."

शाळेच्या समुपदेशक बाईंनी फॉर्म जवळ ओढला. याच सहीवाचून त्यांनी ह्यांच्या मुलीला तीन मंगळवार दारातूनच परत पाठवलं होतं. नियम म्हणजे नियम. "बाबा म्हणतात, असली थेरं आपल्या घरात चालायची नाहीत," असं सांगताना पोरगी चक्क हसली होती.

"अहो, पण आता ही सही..." बाई म्हणाल्या.

"ती गेल्यावर दप्तर आवरलं, तेव्हा सापडला." वडील खुर्चीच्या कडेला टेकले. "तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलंय. तिचा मंगळवार अजून कुणाला दिला नसेल, तर मी बसू का?"