आटलेलं तळं

मनोहरने जपून ठेवलेला नकाशा केतकीने सतरंजीवर उलगडला. मधोमध चहाचा डाग पाहून तिला हसू फुटलं. तो डाग म्हणजे त्यांच्या खेळातलं आटलेलं तळं. हॉस्टेलात केतकी आणि तिचे दोन मित्र अशी तिघं देव व्हायची, फासे टाकून एका उजाड गावाचं भलं करायची. अख्खं गाव मात्र एकटा मनोहर व्हायचा.

देवांनी सोन्याचं देऊळ दिलं, की हा म्हातारीच्या आवाजात खेकसायचा, "देऊळ ऱ्हाऊ द्या, आदी तळं भरा!"

आज त्याच्या वर्षश्राद्धाला तिघं जमली होती. केतकीने फासा उचलला, पण टाकवेना. देव होते, गाव नव्हतं.

ताटं उचलताना वहिनी, मनोहरची बायको, थबकल्या. मनोहरच्या जागेवर बसल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्याच म्हातारीच्या आवाजात म्हणाल्या,

"लई वर्सांनी आलात, देवांनो. तळं अजून कोरडंच हाय."